कुऱ्हाडीचा दांडा आणि जाहिरातीचा रंग : अवजारांच्या कारागिरीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मराठीत सहसा फितुरीच्या संदर्भात वापरली जाते. झाडाचेच लाकूड झाडांच्या नाशाला कारण होते, एवढा अर्थ सांगून शालेय पुस्तके पुढे जातात. परंतु ही म्हण ज्यांच्या तोंडी घडली त्यांना कुऱ्हाडीची रचना नेमकी ठाऊक होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. कुऱ्हाड ही दोन वस्तूंची जोडणी आहे. लोखंड परगावाहून येते. दांडा मात्र बांधावरच्या बाभळीचा असतो. या दोहोंना एकत्र धरून ठेवते ती बोटभर लांबीची पाचर. दांडा फुटला तर उत्तम पोलादही निकामी ठरते आणि पाचर सैल झाली तर तेच पोलाद कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या जिवावर उठते.

गेल्या दोन दशकांत या साध्या अवजाराला एक नवे जीवन लाभले आहे. भटकंती, वनविहार आणि ‘निसर्गाकडे परत’ या कल्पनांभोवती उभ्या राहिलेल्या बाजारपेठेत कुऱ्हाड ही भिंतीवर टांगण्याची, भेट देण्याची आणि छायाचित्रात मिरवण्याची वस्तू झाली आहे. या बाजारपेठेने ‘कारागिरी’ हा शब्द आपल्या जाहिरातीत अग्रभागी ठेवला आहे. त्या शब्दामागे प्रत्यक्षात काय आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी कसोटी म्हणून घेतली आहे ती पुणतांब्यासारख्या गावातील शेतकऱ्याची नजर.

पुणतांबा हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील गोदाकाठचे गाव. चांगदेवांच्या समाधीमुळे ते वारकऱ्यांना परिचित आहे, तर 1 जून 2017 रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे ते देशभर परिचित झाले. भोवतीचा टापू उसाचा, आणि राहात्याचा पेरू तर प्रसिद्धच. शेतमालाला मिळणारा भाव आणि शेतीसाठी विकत घ्यावयाच्या प्रत्येक वस्तूचा भाव यांतील तफावत ज्या गावाने जाहीरपणे चव्हाट्यावर मांडली, त्या गावाच्या दृष्टीने अवजाराचे मोल तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

पाणी दिसत नाही

कुऱ्हाडीचे पाते पारखण्याची रीत जुनी आहे. पाते टांगून दुसऱ्या लोखंडाने हलकेच ठोकतात. खणखणीत नाद उमटला तर अंगात चीर नाही असे समजावे. आवाज बद्द आला तर पाते परत ठेवावे. मग दांड्याच्या भोकातून डोळा लावून पाहतात. धार आणि भोकाची मध्यरेषा एका ओळीत नसतील, तर प्रत्येक घाव किंचित तिरका बसणार आणि मनगटाला ते जाणवणार. दांड्याच्या बाबतीत पाहायचे असते ते लाकडाच्या रेषांकडे. रेषा दांड्याच्या लांबीने सरळ गेल्या असतील तर घावाचा हादरा त्या पेलतात. मधूनच तिरक्या होऊन बाहेर पडत असतील तर दांडा त्याच ठिकाणी फाटतो. गाठ असेल तर ती कुठे आहे हेही पाहावे लागते. टोकाशी असलेली गाठ एक वेळ चालते, पात्याखालची चालत नाही.

हे सारे डोळ्यांनी आणि कानांनी कळते. परंतु कुऱ्हाडीचा मुख्य गुण मात्र खरेदीच्या वेळी कळतच नाही. तो म्हणजे तिला दिलेले पाणी. लोहार धारेकडची बाजू लालबुंद होईपर्यंत तापवतो आणि तेवढीच पाण्यात बुडवतो. धार थंड होऊन कठीण होते, पण मागच्या अंगात उष्णता शिल्लक असते. पाते बाहेर काढून धारेजवळचा भाग घासून उजळ केला की ती उष्णता हळूहळू पुढे सरकताना दिसते. प्रथम गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा आणि शेवटी निळा असे रंग धातूवर चढत जातात. हा सारा प्रवास साधारण 220 ते 300 अंश सेल्सियसच्या दरम्यानचा आणि काही क्षणांचा. योग्य रंग धारेपाशी पोहोचला की पाते पुन्हा पाण्यात जाते. घाई झाली तर धार काचेसारखी ठिसूळ होऊन पहिल्याच गाठीवर कपची उडते. उशीर झाला तर ती मऊ पडते आणि वळते. लोहाराचा भाता उघड्या उन्हात न लावता सावलीत का लावतात, याचे एक कारण हेच आहे. प्रखर उजेडात हे रंग नीट दिसत नाहीत.

मराठी भाषेने या क्रियेची आठवण जपून ठेवली आहे. ‘पाणी जोखणे’ म्हणजे माणसाची खरी कुवत तपासणे. माणसाचे काय अन् पात्याचे काय, पाणी जोखले जाते ते प्रत्यक्ष प्रसंगी. दुकानात नव्हे.

या अदृश्यतेतच विपणनाचे मूळ आहे. जो गुण विकत घेताना दिसत नाही, त्याच्या जागी काहीतरी हमी उभी करावी लागते. ती हमी लोहाराच्या ओळखीची असेल, कारखान्याच्या शिक्क्याची असेल किंवा जाहिरातीतील कथेची असेल. या हमीची आवश्यकता नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे की, धार वळली तर त्या हमीपाशी परत जाता येते काय?

रंगवलेला दांडा

या बाजारपेठेचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. 2009 साली न्यूयॉर्कमध्ये पीटर ब्युकॅनन-स्मिथ या रेखांकनकाराने बेस्ट मेड कंपनी स्थापन केली. पुस्तके आणि संगीताच्या तबकड्यांची वेष्टने सजवण्यात त्यांची कीर्ती होती. त्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्यांवर ठळक रंगांचे पट्टे रंगवून त्या विक्रीस ठेवल्या, आणि शेकडो डॉलर मोजून लोकांनी त्या घेतल्या. त्यांपैकी अनेक कुऱ्हाडींनी लाकडाला कधी स्पर्शही केला नसावा.

या कुऱ्हाडींवर ‘नकली’ असा शिक्का मारणे सोपे आहे, पण ते वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्यांची पाती नॉर्थ कॅरोलायना राज्यातील काउन्सिल टूल या कारखान्यात घडत होती. 1886 साली स्थापन झालेला हा कारखाना अवजारांच्या क्षेत्रात नावाजलेला आहे. म्हणजे पोलाद अस्सल होते. परंतु त्या वस्तूभोवती जी कथा रचली गेली तिचा नायक पाते घडवणारा कामगार नव्हता. पट्टे रंगवणारा होता. वस्तूची किंमत वाढली ती पात्यामुळे नव्हे, पट्ट्यांमुळे. पुढे ही कंपनी एकाहून अधिक वेळा विकली गेली. नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले. लोखंड तापवणारे हात त्या व्यवहारात मोजलेच गेले नाहीत.

येथे पुणतांब्याच्या शेतकऱ्याची नजर उपयोगी पडते. त्याला पट्टे सुंदर वाटतील किंवा वाटणार नाहीत. तो त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण त्याचा पहिला आक्षेप निराळाच असेल. दाट रंगाखाली लाकडाच्या रेषा दिसत नाहीत. दांड्याचा गुण ही खरेदीदाराला स्वतः तपासता येण्याजोगी बाब, आणि नेमकी तीच रंगाने झाकली जाते. रंगामागे फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. हेतू सौंदर्याचाच असेल. परंतु परिणाम असा होतो की, पात्याचे पाणी तर मुळातच अदृश्य, आता दांड्याचे अंगही अदृश्य. ग्राहकाच्या हाती उरते ती कथा.

पुणतांब्याच्या परंपरेत या प्रकाराला एक जुना दाखला आहे. वाघावर आरूढ होऊन, हातात सर्पाचा चाबूक घेऊन, शिष्यांच्या लव्याजम्यासह चांगदेव ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघाले आणि ज्ञानेश्वर भावंडांसह बसल्या भिंतीवरूनच त्यांना सामोरे गेले, अशी ती कथा. दाखल्याला मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. चांगदेवांची योगसाधना खोटी नव्हती. खोटा होता तो तिच्या प्रदर्शनाचा भरवसा. बेस्ट मेडच्या पात्यांबद्दलही थोडेफार असेच म्हणता येईल.

हाताच्या खुणांचा मोह

रंगाच्या विरोधात जी दुसरी परंपरा उभी केली जाते तीही निर्दोष नाही. स्वीडनमधील ग्रेन्सफोर्स ब्रुक हा 1902 पासूनचा कुऱ्हाडींचा कारखाना याचे ठळक उदाहरण. येथे पाते घडवणारा लोहार आपल्या नावाची आद्याक्षरे त्या पात्यावर ठोकतो. दांड्याला रंग नसतो; केवळ तेल आणि मेण. हातोड्याच्या खुणा घासून काढल्या जात नाहीत. कुऱ्हाडीसोबत ती वापरण्याची, धार लावण्याची आणि निगा राखण्याची माहिती देणारी पुस्तिका मिळते. आद्याक्षरे ही बाब महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे वस्तू एका विशिष्ट माणसापर्यंत नेऊन पोहोचवता येते.

परंतु बाजाराने यातून उचलले ते उत्तरदायित्व नव्हे, हातोड्याच्या खुणा उचलल्या. आज जिकडेतिकडे मुद्दाम उमटवलेल्या खाचांची, मुद्दाम काळवंडलेली पाती ‘हस्तनिर्मित’ म्हणून विकली जातात. याचे विश्लेषण थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी 1899 सालीच करून ठेवले आहे. ‘थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात त्यांनी हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावर बनलेला साध्या धातूचा चमचा यांची तुलना केली. दोन्ही सारखेच उपयोगी. तरी पहिला अधिक सुंदर भासतो, कारण तो महाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद. रस्किन आणि मॉरिस यांच्या कारागिरीच्या पुरस्कारात दोषांचेच स्तोम माजवले जाते, अशीही टीका त्यांनी तेथेच केली. व्हेब्लेन यांचा उपरोध कुऱ्हाडीला अर्धाच लागू पडतो. चमच्याने फार तर आमटी सांडेल. कुऱ्हाडीत हाताची खूण आणि हाताचे कौशल्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खूण पृष्ठभागावर असते, कौशल्य पाण्यात. खुणेची नक्कल यंत्राला सहज साधते. आणि जोडीला हेही सांगितले पाहिजे की, नियंत्रित भट्टीत तापवलेले कारखान्याचे पाते पुष्कळदा सामान्य लोहाराच्या पात्याहून एकसारख्या पाण्याचे असते. ‘हाताचे ते चांगले’ हे समीकरण लोहारालाही मान्य होणार नाही. फसलेली पाती त्यानेच सर्वांत जास्त पाहिलेली असतात.

बलुत्यातील लोहार आणि किर्लोस्करांचा नांगर

महाराष्ट्रातील गावगाड्यात लोहाराची हमी कोणत्याही शिक्क्यावाचून चालत असे. खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या मोबदल्यात तो वर्षभर फाळ शेवटून देई, म्हणजे झिजलेल्या टोकाला नवे लोखंड जोडून देई. खुरपी-विळ्यांना धार काढी. वाईट पाणी दिले तर तेच पाते आठवड्याभरात त्याच्याच ऐरणीवर परत येई. त्याची चूक त्यालाच निस्तरावी लागे. आजच्या भाषेत ज्याला विक्रीपश्चात सेवा म्हणतात ती येथे नात्यातच अंतर्भूत होती.

मात्र या व्यवस्थेचे गुणगान करताना सावध राहणे आवश्यक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गाव-गाडा’ (1915) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र रेखाटले ते गोडवे गाणारे नाही. वंशपरंपरेने बांधलेल्या हक्कामुळे कामातील चुरस संपते आणि कुणब्यावर बोजा पडतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. जातीने नेमून दिलेल्या कामातून लोहाराला सुटका नव्हती आणि त्याच्या कौशल्याचा मोबदला त्याच्या हाती नव्हता. गावात घर नसलेल्या घिसाड्यांची स्थिती तर अधिक बिकट. गाढवांवर वा गाडीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरायचे, गावाबाहेर भाता लावायचा. पुरुषाने सांडशीत लोखंड धरायचे आणि बाईने घण मारायचा. महाराष्ट्र शासनाच्या यादीत भटक्या जमातींमध्ये त्यांची नोंद आहे. ‘अस्सल गावठी लोहारकाम’ असे शब्द शहरी दुकानाच्या पाटीवर लिहिताना या नोंदीची आठवण कोणाला होत असेल असे दिसत नाही.

विपणन हे कारागिरीचे जन्मजात वैरी आहे काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर खपता खपत नव्हते. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 साली शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. शंकरराव स्वतः चित्रकार होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत होते. म्हणजे बेस्ट मेडप्रमाणे येथेही अवजार आणि चित्रकार यांची गाठ पडली होती. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘किर्लोस्कर’ मासिकाचे स्थान मोठे आहे, त्यामुळे त्याचा उगम नांगराच्या प्रचारात आहे ही गोष्ट अनेकदा तळटीपेत ढकलली जाते. ती तळटीपेत जाण्याजोगी नाही.

दोन्ही चित्रकारांत फरक कोठे पडला? किर्लोस्करांची जाहिरात ज्याच्यासाठी होती तो माणूस दुसऱ्या दिवशी नांगर जमिनीत घालणार होता. अतिशयोक्ती केली तर एका हंगामात उघडी पडणार होती. वापरणारा माणूस समोर असल्यामुळे जाहिरातीला अवजाराविषयी बोलणे भाग पडले. भिंतीवर टांगण्याच्या कुऱ्हाडीला असा हंगाम कधी येत नाही. टाटा ॲग्रिकोच्या फावड्यांवरील शिक्क्याचेही असेच. शिक्का दिसतो त्यापेक्षा तो किती मुरमात टिकला, यावर गावातले त्याचे मोल ठरले.

कोयता

ज्या अवजारावर या टापूचे अर्थकारण उभे आहे त्याची जाहिरात सहसा कोणी करत नाही. ते अवजार म्हणजे ऊसतोडीचा कोयता. नगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या हंगामात बीड आणि पाथर्डीकडून येणाऱ्या मजुरांची मोजणीच या शब्दाने होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल कोयत्यावर लिहिली जाते. माणसाने अवजाराचे नाव धारण करावे, याहून त्या अवजाराचे महत्त्व अधिक काय सांगावे. आणि त्या माणसाचे महत्त्व याहून कमी कसे करावे!

हा कोयता बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेला असतो. त्या पोलादात धार धरण्याइतका कर्ब असतो. बाकीचे पाणी देणाऱ्याच्या हाती. मजुरी टनावर मिळत असल्यामुळे मऊ धारेची किंमत रोजच्या रोज मोजावी लागते. पाते वळले की हात थांबतो, कानस काढावी लागते आणि तेवढा ऊस कमी पडतो. शिवाय बोथट कोयत्याला घाव जास्त लागतात, ते खांद्यातून वसूल होतात. ‘कारागिरी’ या शब्दाला जर कोठे वजन असेल तर ते येथे आहे. पण छापील रंगीत पानांवर तो शब्द ज्या अवजारांसाठी येतो त्यांत कोयता नसतो. दोन्हींची गाठ पडते ती एका निर्विकार ठिकाणी. 2017 साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा कुऱ्हाड, कोयता, कुदळ, फावडे ही सारी हातअवजारे 8201 या एकाच शीर्षकाखाली करमुक्त ठेवली गेली. करआकारणीच्या दृष्टीने रंगीत दांड्याची कुऱ्हाड आणि ऊसतोडीचा कोयता यांत भेद नाही.

ग्रामीण बाजारात आजही कुऱ्हाडीचे पाते बरेचदा दांड्यावाचून विकले जाते. दांडा घेणाऱ्याने आपल्या उंचीला आणि हाताच्या पकडीला साजेसा बांधावरून निवडायचा, सावलीत वाळवायचा, सुताराकडून तासून घ्यायचा आणि काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करायचा. रेषा कोठून कोठे जातात हे या साऱ्या प्रक्रियेत त्याला आपोआप पाठ होते; विक्रेत्याने ते सांगण्याची वेळच येत नाही. गावातील सुतार आणि लोहार मात्र कमी होत चालले आहेत. ऐरण उचलली जाते त्या ठिकाणी दांडा बसवलेली, रोगण चढवलेली तयार कुऱ्हाड येते. ती घेणाऱ्याला पाणीही तपासता येत नाही आणि रेषाही. त्याने मग कोणाकडे परत जायचे, हे त्या कुऱ्हाडीला चिकटवलेल्या चकचकीत कागदावर लिहिलेले नसते.